रातीचा दिवा

मी गाणी रचते आणि गाते. हळदीची, डोहाळजेवणाची, ऊसतोडीला निघालेल्या बायांची. परभणी जिल्ह्यात कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर माझं गाणं वाजतंच. पण एक शब्द माझ्या एकाही गाण्यात नाही. पुनवेला आभाळात जो उगवतो, तेच माझ्या मालकांचं नाव. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंनी लग्नातच बजावलं होतं. उखाण्यात तेवढी सूट, पण मी तिथंही लाजून वेळ मारून नेली. मग गाण्यात मी त्याला 'रातीचा दिवा' म्हणू लागले. लोक म्हणाले, वा, काय कल्पना! कल्पना कसली, नाइलाज तो. इथंही मी तो शब्द लिहिणार नाही.

मालक माझ्या मागे बसून ढोलकी वाजवतात. मागच्या हिवाळ्यात देवगाव फाट्याजवळ एका हळदीत ढोलकी मधेच थांबली. मला आधी रागच आला. ताल सोडायचा म्हणजे काय! वळून पाहिलं तर ते ढोलकीवर कलंडलेले. जीपमध्ये घालून परभणी गाठली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नावानं हाका मारा. ओळखीचा आवाज ऐकू द्या."

मी "अहो, अहो" करत राहिले.

"अहो काय? नाव घ्या!"

नाव घ्यावं तर आयुष्य जाईल, न घ्यावं तर माणूस जाईल. सोबत आलेल्या जाऊबाई कानाशी लागल्या, "नगं गं, असल्या वक्ताला तर नगंच." मला त्यांचा संताप आला, आणि त्यांचंच खरं असेल अशी भीतीही वाटली. शेवटी डोळे मिटून मी माझीच अंगाई म्हटली, दिव्याच्या जागी नाव घालून. पुन्हा म्हटली. म्हणतच राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले.

"मात्रा कमी पडायल्यात," ते पुटपुटले. "दिवाच बरा होता."

मी तिथंच फरशीवर बसून रडले.

आता ते परत साथीला बसतात. एखादी थाप उशिरा पडली तरी माझा सूर कापतो. ते ओळखून त्यांना चेष्टा सुचते.

"घे की नाव," हळूच म्हणतात. "काय झालं मला? हाय की जित्ता."

मी घेत नाही. त्या दिवशी नाव घेऊन त्यांना परत आणलं खरं, पण त्यापायी मी त्यांची पुढची किती वर्षं देऊन बसले, कुणाला ठाऊक?