डावीकडचा काटा

बशीरभाईंच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख नेहमी थोडं वाढलेलं असायचं, आणि जगात जिथे म्हणून काचेमागे काटा आहे तिथे ते वाजायचं. टक टक. गिरणीतल्या वजनकाट्यावर टक टक, माझ्या घरातल्या घड्याळावर टक टक. लग्नं, वाढदिवस, उद्घाटनं यांत माइकवर बोलणं हा माझा धंदा. एका लग्नात मी नवरदेवाच्या घराण्याची थोरवी अशी रंगवत आणली होती की खुद्द नवरदेवाला ती नवी होती. तेवढ्यात हा गृहस्थ स्टेजवर चढला, साउंडवाल्याच्या यंत्रावर टक टक केलं आणि माझ्या माइकमध्ये तोंड घालून म्हणाला, "काटा अडकला हाय." घराण्याची थोरवी तिथेच संपली. आमची ओळख तिथून सुरू झाली. मला ते शेवटपर्यंत 'अनाउन्सर' म्हणत राहिले.

केडगावात पुणे रोडला त्यांचं दुकान होतं. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, कशाचाही स्पीडोमीटर बंद पडला की तो त्यांच्याकडे यायचा. नम्रता या गुणाशी त्यांचा परिचय नव्हता. "जिल्ह्यात माझ्यासारखा मीटरवाला न्हाई. कर्जतला एक हुता, त्याला पन मीच शिकवला." आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की ठरलेलं वाक्य यायचं, "मानूस खोटं बोलंल, काटा बोलत न्हाई. बोललाच तर माझ्याकडं आना." जन्मभर वाकून बारीक काम केल्याने त्यांची मान धरली होती. डावीकडे बघायचं तर दार उघडावं तसा अख्खा माणूस वळायचा.

त्यांना गप्प करू शकणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको सलमाभाभी. माहेर शेवगावचं, जीभ तिखट. नवऱ्याला त्या 'मीटरवाले' म्हणायच्या. दुकानात एका जुन्या कॅलेंडरवरचं चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. परदेशी रस्ता, लाल रंगाची, छप्पर नसलेली, दोनच सीटांची जुन्या घाटाची स्पोर्ट्स कार. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बशीरभाईंनी ते दाखवून म्हटलं होतं, "तुला असल्या गाडीत फिरवीन." भाभी कुणाहीसमोर ती आठवण काढायच्या. "ह्यांची गाडी भिंतीवर हाय. पेट्रोल लागत न्हाई, लई परवडती."

मग भाभींचं हृदय थकलं. पायांना सूज, दोन पावलं चाललं की धाप. डॉक्टरांनी बशीरभाईंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. ते काय, हे त्यांनी मला सांगितलं नाही. दुकानात येऊन ती फ्रेम भिंतीवरून काढली आणि म्हणाले, "अनाउन्सर, गाडी करायची. लवकर."

वेल्डिंगचं शेड असलेला माझा मित्र दिलीप याने सांगाडा उभा केला. एका भंगारातल्या मोटारीचं इंजिन, त्यावर चित्राबरहुकूम फायबरचं अंग, वर लाल रंग. डॅशबोर्डला मात्र बशीरभाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. "गाडीचं तोंड बाहीर असतं, पन बोलती ती आतून." चित्रातल्या गाडीत गडद लाकडाची फळी होती. तशी फळी त्यांच्या घरात एकच होती. भाभींनी माहेराहून आणलेल्या शिसवी कपाटाचं दार.

"काढा," भाभी पलंगावरून म्हणाल्या. "तसंबी आतल्या साड्या आता कोन नेसतंय?"

बशीरभाईंनी पलंगाशेजारी टेबल मांडलं. शेडमध्ये काम सोयीचं झालं असतं, पण भाभींना सोडून ते तासभरही बाहेर जात नव्हते. समोर ते चित्र, हातात पटाशी. भोकं कोरली, कडा घासल्या, लाकडाला आरशासारखं पॉलिश केलं. काळ्या तबकड्यांवर पांढरे आकडे हाताने रंगवले, भोवती पितळी कड्या चढवल्या. मधूनच ते विचारायचे, "कसं दिसतंय?" भाभी म्हणायच्या, "माझ्या कपाटाला डोळं फुटल्यात."

फळी शेडमध्ये नेऊन बसवली, आणि दिलीप खो-खो हसत खाली बसला. चित्रातली गाडी परदेशी, तिचं स्टिअरिंग डावीकडे. आमचं, सरकारी नियमाप्रमाणे, उजवीकडे. बशीरभाईंनी चित्र बघून सगळे काटे डावीकडे बसवले होते. ड्रायव्हरसमोर नुसतं सुंदर, कोरं शिसम. वेग, पेट्रोल, तापमान, सगळं शेजारी बसणाऱ्यासमोर. जिल्ह्यातला एकमेव मीटरवाला!

"उलटी फिरवा फळी," मी म्हणालो. पण पाठीमागे कपाटाच्या आरशाच्या जुन्या स्क्रूंनी लाकडाची चाळण केली होती. दुसरं दार नव्हतं, आणि भाभींकडे वेळ नव्हता. बशीरभाईंनी काचेवर टक टक केलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "चूक न्हाई ही. गाडी मी चालवनार, काटे ती वाचनार."

आणि खरंच तसं झालं. रविवारी सकाळी उन्हं कोवळी असताना आम्ही भाभींना उचलून डाव्या सीटवर बसवायचो. डोक्यावर घट्ट ओढणी, मांडीवर शाल. केडगावहून पुणे रोडने चासपर्यंत आणि परत. भाभी काटा वाचायच्या, बशीरभाई ऐकायचे. "साठ झाले, मीटरवाले. हळू." "पासष्ट! जीव घेता का माझा?" परत आल्यावर उतरवताना त्यांचं एकच म्हणणं असायचं, "एवढ्यात आलं व्हय घर?"

बशीरभाई चहा पिताना अचंबा करायचे. "अनाउन्सर, लोक आता लई जोरात चालवत्यात. आमी साठनं चाललो हुतो, आन उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या वढीत, आमाला मागं टाकून गेला!" मीही हा किस्सा दोन लग्नांत माइकवरून सांगितला. लोक खूप हसले.

थंडी संपता संपता भाभी गेल्या.

गाडी शेडमध्ये कापडाखाली राहिली. उन्हाळ्यात एका रविवारी बशीरभाई दारात उभे. "चला. वाचायला कुनी पायजे." मी म्हणालो, मोबाईल समोर लावू, त्यात वेग दिसतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट डाव्या सीटवर बसलो.

चासच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "आता साठ असंल. तिच्याबराबर असाच आवाज असायचा इंजिनाचा. वाचा."

मी खास माझ्या माइकवरच्या आवाजात वाचलं, "पस्तीस!"

"नीट वाचा."

"पस्तीसच आहे, बशीरभाई."

त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरून माझ्या बाजूला आले. काचेवर टक टक केलं. काटा शून्यावर गुमान बसला होता. बराच वेळ ते नख काचेवर तसंच राहिलं.

"तुम्हाला कळलं नाही कधी?" मी विचारलं.

"उघडी गाडी, कानात वारा, बूड जमिनीला. कायबी वाटतं." मग म्हणाले, "काट्यावर शंका घेतली असती, अनाउन्सर. तिच्यावर कशी घेऊ?" आणि स्वतःशीच, "घर लवकर येऊ नये म्हनून."

बशीरभाईही आता नाहीत. पुढच्या पावसाळ्यात, दुकानात बसल्या बसल्याच गेले. पण मला आठवते ती त्या रविवारची परतीची वाट. "उठा," ते म्हणाले, "तुमी चालवा." अख्खा माणूस वळवून ते भाभींच्या जागेवर बसले. मी उजवीकडे, समोर कोरं शिसम. मला काटा दिसत नव्हता. पाठीमागून हॉर्न वाजला, आणि दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून निघून गेला.

बशीरभाई काट्याकडे बघत होते.

"सत्तर झाले, अनाउन्सर," ते म्हणाले. "हळू घ्या."