हरीण आणि निवडायचा चष्मा

माझ्या नवऱ्याने आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. मी नागपूरची, तो पुण्याचा. लग्न ठरताना त्याची एकच अट होती, स्वयंपाकघरात मटण शिजायचं नाही. मी हो म्हटलं, कारण तेव्हा मला तो फार आवडला होता. त्यामुळे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या घरात गेली अठरा वर्षं माझी इंडक्शनची शेगडी, कुकर आणि पळी गॅरेजमध्ये नांदतायत. जानेवारीत मी तिथे कोट-टोपी घालून रस्सा ढवळते आणि हा दार किलकिलं करून म्हणतो, "वास आत येतोय गं."

धनुष्यबाण मी हातात घेतला तो मेथीमुळे. परसातली मेथी, कोथिंबीर, दुधीचे कोंब, सगळं हरणं फस्त करून जायची. शेजारी एक म्हातारे अमेरिकन राहतात, आमची मुलं त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्याकडे कुरकुर केली तर ते हसून म्हणाले, "मग शिक की शिकार." मी चिडून हो म्हटलं. दोन वर्षं दीड तासावरच्या त्यांच्या शेतावर जाऊन गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारले, कोर्स केला, लायसन्स काढलं. नवरा ऑफिसच्या कॉलवर सांगायचा, बायको सध्या मेथीचा सूड घेतेय.

नोव्हेंबरातला शनिवार होता. शेताकडेच्या झाडीत मी मचाणावर पट्टा बांधून बसले होते, काका पलीकडच्या मचाणावर. सकाळी साडेसातच्या सुमारास एक हरिणी आली आणि वीस पावलांवर थांबली. पुढच्या पायामागे नेम धरायचा, ती नीट आडवी उभी राहीपर्यंत बाण सोडायचा नाही, सगळं पाठ होतं मला. तरी मी घाई केली. ती एक पाऊल पुढे सरकली आणि बाण मागे, पोटात लागला. पाठ वाकवून, शेपूट पाडून ती हळूहळू झुडपात गेली. मला इतकी लाज वाटली की धनुष्य हातातून खाली ठेवायचंही सुचेना.

काकांना मेसेज केला. त्यांचं उत्तर लगेच आलं. पोटात लागलं असेल तर जागची हलू नकोस. ती जवळच कुठेतरी बसेल आणि शांतपणे प्राण सोडेल. आठ तास तिच्या वाटेला जायचं नाही. उठवलीस तर मैलभर पळेल आणि मग सापडायची नाही.

आता आम्हा लोकांना कुणी आठ तास नुसतं बसा म्हणून सांगावं? आमच्या नागपूरच्या गल्लीत कुणी चक्कर येऊन पडलं तर चार घरं धावत सुटायची. एक जण पाणी आणायचा, एक जण कांदा फोडायचा, आणि काय झालं ते मग विचारायचे. मी वीस मिनिटं कशीबशी काढली आणि उतरले. हातात पाण्याची बाटली होती. ती कशासाठी घेतली होती, ते मला आजही सांगता येत नाही. साठेक पावलांवर ती पाचोळ्यात बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, धडपडत उठली आणि पळाली.

काकांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, पूर्ण आठ तास थांबलो तर अंधार गाठेल, आता दीडपर्यंत कुणी हलायचं नाही, मग शोधायची. त्यांना मोतीबिंदू, मला रडू येत होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, ती सापडली नाही, उगाच तडफडून मेली, तर परत धनुष्याला हात लावायचा नाही. आणि नवऱ्याला फोन केला.

"मी? हरीण शोधायला?" तो म्हणाला. पण आला. थर्मास, पोह्यांचा डबा आणि निवडायचा चष्मा घेऊन आला. आमच्याकडे तांदूळ तो निवडतो. पॅकेटमधला अमेरिकेचा चकचकीत तांदूळसुद्धा ताटात पसरून, चष्मा लावून, दाणा दाणा बघून. अठरा वर्षांत एक खडा मिळालेला नाही. यावरून मी त्याला जितकं छळलंय तितकं कशावरूनच नाही.

तो सरळ गुडघ्यांवर बसला आणि पान पान उलटायला लागला. "ही बुरशी आहे. हा चिखल. हे बघ, हे रक्त." काका प्रत्येक थेंबाशी खुणेसाठी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत मागून येत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, हा काम काय करतो? सॉफ्टवेअर टेस्टिंग, मी म्हटलं. काकांनी समजल्यासारखी मान हलवली.

ओढ्यापाशी रक्त संपलं. साडेतीन वाजून गेले होते. काका म्हणाले, पुरे आता. नवरा म्हणाला, "अजून ताट संपलं नाहीये." बुटांसकट पाण्यात उतरून तो पलीकडे गेला, आणि थोड्या वेळाने बोरूच्या बेटातून त्याचा हात वर आला.

ती मेलेली होती. त्याने चष्मा काढून पुसला. "किती वेळ लागला असेल गं हिला?"

"काही तास," मी म्हटलं. त्याच्याशी खोटं बोलवेना. घरी जाताना दीड तास तो रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत राहिला. एखादा टोमणा तरी मार रे बाबा, असं मला सारखं वाटत होतं.

रविवारी बाहेर बर्फ भुरभुरत होता. काकांनी साफ करून दिलेलं हरणाचं मटण घेऊन मी कोट-टोपी घालून गॅरेजमध्ये गेले तर शेगडी जागेवर नाही. कुकरही नाही. आत येऊन बघते तर दोन्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलेले, आणि हा डायनिंग टेबलापाशी ताटात तांदूळ घेऊन बसलेला.

"इथेच शिजव. गारठ्यात कच्चं राहील आणि फेकावं लागेल. ते काही व्हायचं नाही," तो मान वर न करता म्हणाला. "आणि पुढच्या खेपेला बस म्हणून सांगितलं तर बसायचं. जमणार नसेल तर मला ने, मी धरून ठेवतो."

मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं. रश्शाला उकळी फुटली तसा तो सवयीने म्हणाला, "वास आत येतोय गं."

"अरे, आतच शिजतंय."

"हो," तो म्हणाला, आणि ताट पुढे ओढून निवडत राहिला.