जर्मनचा हंडा आणि बारा बाय दहाचा फ्लेक्स

अन्याय यॉर्गकाकांवर झाला. मागच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी, अंबरनाथ पूर्वेला, भर उजेडात, शिडी लावून. ज्यांनी केला त्यांनी आपापले हात जोडलेले फोटो जागेवरच ठेवलेत, त्यामुळे तपासाची गरज नाही. एकूण चौदा जण आहेत. नववी मी.

काका त्याच्या सोळा दिवस आधी गेले. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा नर्सने विचारलं, “योगेश जर्मन यांच्या घरचे का?” मी राँग नंबर म्हणून ठेवणारच होते. “कोण योगेश?” “अहो, ते गोरे आजोबा. निमोनियावाले.” आणि मग ती थांबली... अशी थांबली की पुढचं सांगायची गरज उरली नाही. यॉर्ग हे नाव केसपेपर लिहिणाऱ्याला झेपलं नव्हतं, आमच्या चाळीला तर बारा वर्षांत झेपलं नाही. जन्मभर चर्चच्या खिडक्या घडवणारा कलावंत रजिस्टरात योगेश जर्मन म्हणून मेला. निषेध नोंदवून पुढे जाते.

रंगीत काच कापायची, तिच्यावर डोळे-बोटं काळ्या रंगाने काढून भट्टीत भाजायची आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून खिडकीत उभे करायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या वडिलांचं आयुष्य युद्धात फुटलेल्या खिडक्या पुन्हा बसवण्यात गेलं. लहानपणी काकांचं काम एकच, फुटलेल्या काचांचे रंगाप्रमाणे ढीग लावायचे. “मला आधी रंग आले, मग अक्षरं,” ते सांगायचे. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, आणि इथल्या चर्चच्या तीन जुन्या खिडक्या दुरुस्त करायला ते तीन महिन्यांसाठी आले. आमच्या चाळीच्या टोकाला पिठाची एक बंद गिरणी होती, ती त्यांनी भाड्याने घेतली. तीन महिन्यांची बारा वर्षं कशी झाली, हे व्हिसाच्या ऑफिसलाही नीट सांगता आलं नसतं. लोक मात्र वर्षभर दळण घेऊन यायचे. काका डबा हातात घ्यायचे, गव्हाचा वास घ्यायचे आणि “सुंदर!” म्हणून परत द्यायचे.

गिरणीवर पाटी लावायची ठरली. पेंटरने “जर्मन” एवढं मोठं काढलं की “काचकाम” खाली कोपऱ्यात मुंगीएवढं झालं. आता आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आई गळका हंडा घेऊन दारात हजर.

“जर्मनचं काम करता ना?”

“मी जर्मन,” काका म्हणाले. तेव्हा त्यांना एवढंच मराठी येत होतं.

“हंडाही जर्मनच आहे. भोक बुजवून द्या. संध्याकाळच्या पाण्याला लागेल.”

काकांनी दोन दिवस खटपट केली. त्यांचं कथील ॲल्युमिनियमला चिकटेना. चिकटत नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं, पण बाई एवढ्या विश्वासाने आलेली... शेवटी रबराची चकती घालून त्यांनी एक रिव्हेट ठोकला. हंडा गळायचा थांबला. पोटाला मोठा पोचा होता, तो मात्र काढला नाही. पुढे मराठी आल्यावर आईने त्याचा जाब विचारला, “अर्धवट काम केलंत त्या दिवशी.” काका म्हणाले, “कमलताई, पोच्यात उजेड थांबतो.” आई म्हणाली, “आणि दोन तांबे पाणी कमी मावतं, ते?”

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायला लागले होते. पाण्यावर, फुटपाथवर, आणि सगळ्यात जास्त फ्लेक्सवर. काका प्रत्येक पत्रक वाचायचे आणि उद्गारचिन्हं मोजायचे. “एका पानात तेरा खिळे? भिंत पडेल, पत्रकवाली.” एकदा मी तावातावाने सांगत होते की हात जोडून फ्लेक्सवर झळकायचा रोग आपल्या देशाला लागलाय. ते हसून हसून लाल झाले. म्हणाले, त्यांच्याकडे शेकडो वर्षांपूर्वी खिडकीला पैसे देणारे शेठ लोक खिडकीच्या तळाशी स्वतःलाच काढून घ्यायचे. गुडघे टेकून, हात जोडून, शेजारी बायको, मागे मुलं. “आमचे फ्लेक्स काचेचे. पाऊस-वाऱ्याने जात नाहीत. बॉम्ब लागतो.”

मग चर्चच्या पूर्वेकडच्या भिंतीच्या नव्या खिडकीचं काम आलं. विषय, विहिरीवरची बाई. काकांनी आमच्या ओट्यावर बसून गोष्ट सांगितली. तहानलेला येशू विहिरीवर येतो आणि पाणी भरणाऱ्या एका बाईला म्हणतो, मला प्यायला दे. त्याचे लोक तिच्या लोकांच्या हातचं पाणी पीत नसतात. बाईच दचकते. आई जीन्सचे धागे कापत बसली होती, शेजारच्या सिंधी वसाहतीतल्या कॅम्प तीनच्या कारखान्यातून गठ्ठे यायचे. तिची कात्री थांबली.

“ही तर आमची गोष्ट,” ती म्हणाली. “तुमच्यात कशी गेली?”

आई जिथे वाढली त्या गावच्या विहिरीबद्दल मी एवढंच लिहीन की तिची आजी तिथे लांब उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. मग काका म्हणाले, “कमलताई, हंडा दोन दिवस द्या.”

हंडा दोन महिने गेला, कारण हंड्याच्या रंगाची काच मिळेना. निळी मिळाली, राखाडी मिळाली, जर्मनचा तो मळका पांढरा मिळेना. मी त्यांना कॅम्प दोनला घेऊन गेले. दुकानदार सिंधी, हसरा, जिभेवर साखर. एक धुरकट काच काढून म्हणाला, “साईं, असली जर्मन माल है.” काकांनी तिच्यावर नख वाजवलं. “शेठ, असली जर्मन मैं हूँ. ये यहीं का है.” शेठ जरासुद्धा न लाजता म्हणाला, “तो आप भी यहीं के हो गए ना, अंकल. ले जाओ, रिश्तेदार है.” ती बाथरूमच्या खिडकीला लावतात ती काच होती. फादर हादरले. “चर्चमध्ये बाथरूमची काच?” काका म्हणाले, “फादर, बाप्तिस्मा आणि अंघोळ, पाणी एकच.”

खिडकी बसवली तेव्हा शिडी मी धरली. काका कोणी धरल्याशिवाय शिडीवर पाय ठेवत नसत आणि धरणारा स्वतः निवडत. “वरचा पडू शकतो. खालचा पळू शकतो. म्हणून खालचा नीट बघून घ्यायचा.” पहिल्या रविवारी सात चाळीसला ऊन आलं आणि खिडकीत सगळ्यात जास्त पेटला तो हंडा. पोच्यासकट. मागच्या बाकावरून आई ओरडली, “माझा हंडा!” तेव्हापासून ती, रोज त्रिशरण-पंचशील म्हणणारी माझी आई, दर रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर पाच मिनिटं बसते. हंडा पेटला की उठते आणि बाजाराला जाते. कोणी तिला काही विचारत नाही.

आणि आता गुन्हा. काका गेल्यावर मित्र मंडळाची पोरं माझ्याकडे आली. “ताई, श्रद्धांजलीचा मजकूर जरा चेक कर ना.” मी केला. ‘भावपूर्ण’चा उकार सुधारला, पूर्णविराम दिला आणि कुठे लावणार हे विचारलं नाही. बदलापूरहून फ्लेक्स छापून आला, बारा बाय दहा. मधोमध भावी नगरसेवक, कोपऱ्यात काका, खाली हात जोडलेले आम्ही. माझा फोटो पोरांनी कुठून घेतला? मी काढलेल्या फ्लेक्सविरोधी मोर्चातून. मोठी, मोकळी, रस्त्यावरून दिसणारी भिंत म्हणून तो चर्चच्या पूर्वेच्या भिंतीवर चढला. आत आई बसली होती. ती सांगते, उजेड वरून खाली पुसत आला. आधी आभाळ गेलं, मग येशू, मग बाईचा चेहरा, शेवटी हंडा. फादरना वाटलं ढग आला. आई म्हणाली, “अरे, लाइट गेली!”

बाहेरून खिडकी दिवसा काळीच दिसते, त्यामुळे पोरांना आपण काय झाकलं ते कळलंही नाही. कळल्यावर म्हणाली, “मेलेल्या माणसाचा फ्लेक्स काढतात का, ताई? बरं दिसतं का?” फादर म्हणतात, मुलांनी प्रेमाने लावलाय. नगरपालिकेतला बाबू म्हणाला, वाढदिवसाला मुदत असते, श्रद्धांजलीला नसते. पाच रविवार झाले. आई अजून जाते, अंधाऱ्या भिंतीकडे बघून येते आणि घरी मोरीजवळच्या खऱ्या हंड्याला विनाकारण चिंचेने घासत बसते. परवा म्हणाली, “माणूस गेला ते गेला... माझा हंडा कशाला विझवलात?” ‘विझवलात’मध्ये मीही आले. नववी.

वाचकहो, तुम्ही हळहळू नका, हळहळीचाच फ्लेक्स झालाय. येत्या रविवारी सकाळी सात वाजता चर्चच्या पूर्वेच्या भिंतीशी या. कात्री आईची आहे. शिडी काकांची आहे. उतरवलेला फ्लेक्स गिरणीच्या गळक्या पत्र्यावर घालू, चेहरे आतल्या बाजूला करून, म्हणजे चौदाही जणांना भोकांतून काकांचं काच कापायचं टेबल बघता येईल. वर मी चढते. तुम्ही खाली शिडी धरा. आणि पळू नका.