दोन गाण्यांच्या मधली जागा

मंगलताई गेल्या तेव्हा त्यांचा लॅपटॉप चालू होता. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांना धाप लागली, माझे यजमान त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले आणि मी पिशवी भरायला मागे राहिले... आधारकार्ड, जुने रिपोर्ट, एक साडी, टॉवेल. पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉपचा पंखा घोंगावत होता. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, खाली आकडा होता एकसष्ट टक्के. बंद करावा का, असं मनात आलं. पण मध्येच बंद केला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं आणि ताई घरी आल्यावर चिडतात, हे ठाऊक होतं, म्हणून तसाच ठेवला. मी दवाखान्यात पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दुपारी घरात माणसं जमली, तेव्हा कोणीतरी विचारलं, "तो आवाज कसला येतोय?" मी आत जाऊन पाहिलं. पट्टी पूर्ण झाली होती. अकोल्याकडच्या कुठल्या तरी लग्नाची डीव्हीडी मोबाईलवर दिसेल अशी तयार होऊन पडली होती. मी झाकण मिटवलं. त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी फारशी रडलेली नाही. थकवा मात्र आहे, झोपून उठलं तरी न जाणारा.

ताई माझ्या मोठ्या जाऊबाई. संगमनेरात एकाच घरात, ओसरीच्या अलीकडे त्या आणि पलीकडे आम्ही, असा चौतीस वर्षांचा संसार झाला. आमच्यात गोडी होती असं म्हटलं तर त्याच हसतील. मी निवृत्त होईपर्यंत दूध संघाच्या ऑफिसात नोकरीला होते. संध्याकाळी शिणून घरी यावं, तर पुढच्या खोलीत एकाच गाण्याच्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाजत असायच्या. कारण माझे थोरले दीर, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, लग्नाचं शूटिंग करायचे. संगमनेर आणि अकोले तालुक्यातली गावंच्या गावं त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन पालथी घातली. ते शूटिंग करून आणायचे आणि गाणी घालायचं काम ताईंचं. हळदीला कुठलं, सप्तपदीला कुठलं, पाठवणीला कुठलं, हे त्या ठरवणार. लग्नातला खरा आवाज म्हणजे नुसता गोंगाट. वाढप्यांची ओरड, माईकवरून पाहुण्यांची नावं, रडणारी पोरं. तो सगळा काढून टाकायचा आणि वरून गाणी पसरायची. लोकांना तेच हवं असायचं. त्या गाण्यांवरून एकदा आमचं असं वाजलं की दोन महिने आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

अण्णा जाऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या कपाटात प्रत्येक लग्नाची एक जादा डीव्हीडी ठेवलेली होती, गोल डब्यांत एकावर एक रचून, वर मार्करनं गाव आणि नावं. मला वाटलं होतं, वर्षश्राद्धानंतर ताई ते कपाट रिकामं करतील. झालं उलटंच. लोक यायला लागले. कोणाची डीव्हीडी चरे पडून बंद झालेली, कोणाची उंदरानं कुरतडलेली, आणि बऱ्याच जणांच्या घरात ती चालवायचं यंत्रच उरलेलं नव्हतं. "ताई, आमची शिडी मोबाईलात घालून मिळंल का?" ताईंनी मुलाला, नितीनला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, दुकानात दे ना कुणाला तरी." ताई म्हणाल्या, "वस्तू आपण दिलेली आहे. ती चालायची जबाबदारी आपली." तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या, आणि त्यांना ईमेलसुद्धा पाठवता येत नव्हता.

नितीननं जुना लॅपटॉप आणि डीव्हीडी वाचणारी एक वेगळी डबी आणून दिली. पुढचं ताई आपल्या आपण शिकल्या. पहिल्यांदा फुकटचं सॉफ्टवेअर उतरवायला गेल्या आणि भलत्याच बटणावर बोट ठेवलं. आठवडाभर लॅपटॉप उघडला की जाहिरातींचा पाऊस. दुसरं मिळालं, त्यानं व्हिडिओ छान करून दिला, पण नवरीच्या बरोबर कपाळावर स्वतःचं नाव छापलं. ताई संतापून म्हणाल्या, "हिच्या कुंकवावर हा कोण बसलाय?" तिसरं मात्र खरोखर फुकट निघालं, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं. ते कळल्यावर ताईंना फार नवल वाटलं. ती माणसं कोण, कुठली, त्यांना मिळतं काय, असं त्या मलाच विचारायच्या, जसं काही मी त्यांना ओळखते. हळूहळू सगळं हाताखालून गेलं. डीव्हीडी गोल गोल न पुसता मधून बाहेर पुसायची. तिच्यातल्या चार-पाच तुकड्यांची एक सलग फाईल करायची. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या घालवायच्या. लांबी-रुंदीचं माप चुकलं की सगळं वऱ्हाड जाडजूड दिसतं, ते सांभाळायचं. एका लग्नाला अर्धा दिवस लागायचा. यंत्र कण्हत बसायचं आणि ताई शेजारी भाजी निवडत बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर स्वाती आली. राजूरच्या पुढच्या एका गावची, नर्सिंग शिकणारी, वीस वर्षांची मुलगी. ती दीड वर्षाची असताना तिची आई काविळीनं गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, घरातली डीव्हीडी कुठं गेली ते कोणी सांगेना. अल्बमच्या मागच्या पानावर अण्णांचं नाव दिसलं म्हणून ती शोधत आली होती. चहा घेतला नाही, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "फोटो हायेत माझ्याकं. आईचा आवाज असंल का वो त्यात?" ताई म्हणाल्या, "असणार की. अडीच तासांचं लग्न आहे. पुढच्या रविवारी ये."

डीव्हीडी कपाटात सापडली, चांगली चाललीही. दुसऱ्या दिवशी मी ऊन खायला ओसरीवर बसले होते, तर आतून ताईंची हाक आली. हाक नेहमीसारखी नव्हती. मी गेले. पडद्यावर हळदीचा कार्यक्रम चालू होता आणि वर गाणं वाजत होतं. "सगळीकडे गाणी आहेत गं," त्या म्हणाल्या. "मुलगी बोलतेय, हसतेय, नाव घेतेय, ओठ हलताना दिसतात... आणि वर गाणं. सुनंदा, ही सगळी मीच घातलीत." मी म्हटलं, मूळ कॅसेट असेल. त्यांनी मान हलवली. अण्णा एका लग्नाची कॅसेट पुसून तिच्यावरच पुढचं लग्न घ्यायचे, हे मलाही माहीत होतं. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

चार दिवस त्या अडीच तासांच्या लग्नात बसून होत्या. शुक्रवारी दुपारी त्यांना एक जागा सापडली. हळदीतलं एक गाणं संपतं आणि दुसरं जरा उशिरानं सुरू होतं. मध्ये चार सेकंद मंडपातला खरा आवाज राहून गेलाय. तेवढ्यात एक बाई म्हणते, "अगं तिला बी लाव की, रुसली बघ ती!" आणि लगेच गाणं सुरू. मी म्हटलं, "झालं तर मग! मिळाला आवाज." ताई म्हणाल्या, "कोणाचा?" कॅमेरा त्या वेळी खांबाला टेकून गाल फुगवून बसलेल्या एका परकरातल्या मुलीवर होता. नवरीची फक्त पाठ दिसत होती आणि भोवती सहा-सात बायका. मी खरंच कंटाळले होते. म्हटलं, "ताई, सांगून टाका तिला, आईचाच आहे म्हणून. कोण येणार आहे पडताळायला? पोरीला बरं वाटेल." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "एकदा तिच्या आईचा आवाज मी पुसलाय," त्या म्हणाल्या, "आता दुसऱ्याच कुणाचा तरी तिला देऊ?"

स्वातीच्या आजोळशी तिच्या घरच्यांचं येणं-जाणं तुटलं होतं. तिच्याकडे एकही फोन नंबर नव्हता, फक्त गावाचं नाव होतं. तेवढ्यावर शनिवारी सकाळी आम्ही दोघी एसटीनं अकोल्याला आणि तिथून जीपनं पुढं निघालो. ताईंच्या पायांवर सूज होती, चपलेचा पट्टा लागत नव्हता. मी वाटभर कुरकुर केली. आता लिहिताना लाज वाटते, पण केली. गावात पिठाच्या गिरणीपाशी बायका उभ्या होत्या, त्यांना ताईंनी मोबाईलवर त्या रुसलेल्या मुलीचा फोटो दाखवला. बायका एकमेकींकडे बघून हसल्याच. "ही तर आपली अलका! दिली हाय इथंच, वरल्या वाडीत." वरली वाडी म्हणजे अर्ध्या तासाचा चढ. ताई तीन ठिकाणी बसल्या.

अलकाच्या अंगणात भात वाळत घातलं होतं. तिनं आधी पडदा बघितला आणि स्वतःलाच ओळखून खळखळून हसली. ताई म्हणाल्या, "बघू नको, नुसतं ऐक." तिनं मोबाईल कानाला लावला. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग खाली बसली. "सुमी हाय ही. सुमन. माझ्या चुलत्याची पोर. मला हळद लावाया कुनी बोलावलंच न्हाई, म्हून मी जाऊन बसले हुते खांबाला. तिनं वळून बघितलं माझ्याकं..." ताईंनी विचारलं, "मग लावली का हळद?" "लावली ना! समदं तोंड पिवळं केलं तिनं माझं. ते न्हाई का शूटिंगमदी?" ते नव्हतं. तिथून पुढं अण्णांनी जेवणावळ घेतली होती. अलका बराच वेळ भातावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरगी कशी हाय वो तिची? कुनावर गेली?" ताई म्हणाल्या, "माझ्याकडे काय विचारतेस? तूच बघ."

रविवारी स्वाती आली. ताईंनी आधी तिला सगळं सांगितलं, काही न वगळता. गाणी मी निवडली, आवाज मी काढला, चारच सेकंद राहिलेत, आणि ते तुझ्या आईचेच आहेत हे तुझ्या मावशीनं सांगितलंय. मग लावून दिलं. स्वाती रडली नाही. तिनं पाच-सहा वेळा ऐकलं आणि शेवटी तेच वाक्य स्वतःच्या तोंडानं हळूच म्हणून पाहिलं, तसंच, त्याच चालीत. थोड्या वेळानं ती ताईंना म्हणाली, "एवढ्या लांब कशाला गेल्या तुमी? नुसतं सांगितलं असतं तरी मी मानलं असतं." "म्हणूनच गेले," ताई म्हणाल्या.

त्यानंतर ताईंचं काम वाढलं. कोणी मागितलं नसलं तरी कपाटातलं एकेक लग्न त्या काढायला लागल्या. फाईल तयार झाली की पूर्वी त्या मोकळ्या व्हायच्या. आता प्रत्येक लग्न पुन्हा पहिल्यापासून ऐकायच्या, एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधली जागा शोधत. बहुतेक वेळा काहीच नसायचं. कधी कोणाची शिंक, कधी "भात आणा इकडं". तरी एका चिठ्ठीवर मिनिट आणि सेकंद लिहून ती पेन ड्राइव्हला दोऱ्यानं बांधून द्यायच्या. एकदा एक म्हातारे गृहस्थ ती चिठ्ठी वाचून घरी न जाता तिथंच ऐकायला बसले, त्यांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "वडील खोकतात." डॉक्टरांनी बसून राहू नका म्हणून सांगितलं होतं. मी ओरडायची, गोळ्यांच्या वेळा सांगायची, पायाखाली स्टूल द्यायची, आणि मनातून म्हणायची, की हे सगळं आता पुरे. हृदय कमजोर होत चाललंय हे त्यांना कळत होतं. मला वाटतं, म्हणूनच त्या घाई करत होत्या. पण तसं कधी बोलल्या नाहीत. आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर अलका आणि स्वाती एकाच जीपमधून उतरल्या. स्वाती आता सुट्टीत मावशीकडे असते. अलकानं त्यांच्याकडच्या काळभात तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तवा चढ चढून आल्या हुत्या, मी त्यांना जेवा बी म्हनले न्हाई. भानच न्हवतं मला."

मागच्या आठवड्यात नितीन खोली आवरायला आला. कपाट उघडून म्हणाला, "काकू, या डब्यांचं काय करायचं? कोणी विचारायला येत नाही आता." मला खरं तर म्हणायचं होतं, ने बाबा, काय करायचं ते कर. तोंडातून निघालं, "राहू दे. अर्धं कपाट व्हायचंय अजून."

म्हणून आता दुपारच्या चहानंतर मी बसते. एका दिवशी एक, तेही झालं तर. मला ताईंची सफाई नाही. परवा एक सबंध वऱ्हाड जाडजूड निघालं, पुन्हा करावं लागलं. डोळे दुखतात, मान अवघडते. खुर्चीत त्यांची उशी आहे, रोज टेकून टेकून त्यांच्याच पाठीच्या आकाराची झालेली. माझ्या पाठीला ती भलत्याच जागी टोचते. दोनदा काढून बाजूला ठेवली... आणि दोन्ही वेळा उठून परत लावली.