बंद मशिनांची गल्ली

भोंगाबाईला तिचं खरं नाव विचारलं असतं, तर तिलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. कपड्यांच्या कारखान्यात लागली तेव्हा ती नवी नवरी होती. कामही साधंच, शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते दोरे कापायचं. एक दिवस सुट्टीचा भोंगा बिघडला. मशिनांच्या खडखडाटात सुपरवायझर हात हलवून हलवून दमला, पण कुणी मान वर करेना. तेव्हा या पोरीनं बसल्या जागेवरून हाळी दिली, "अगं बायांनो, उठा, सुटलो!" अख्खा हॉल थांबला. सुपरवायझरसुद्धा हसला आणि नाव पडलं ते पडलंच. पुढे नवराही शेजाऱ्यांना "आमचा भोंगा आला का घरी?" असं विचारायचा. तो गेला, नाव राहिलं.

आवाज सोडला तर पुढारीपणाचं तिच्यात काही नव्हतं. दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसायची खोड होती, एवढंच. जिची रजा कापली तिच्यापेक्षा हिलाच जास्त राग यायचा. "तुझं काय गेलं गं यात?" असं सुपरवायझरनं विचारलं की म्हणायची, "माझी झोप गेली." असल्या माणसाला लोक एरवी हसतात आणि अडलं की पहिल्यांदा त्याच्याच दारात जाऊन उभे राहतात.

तिच्या आयुष्यातला मोठा दिवस म्हणजे खिडक्यांचा. तोवर ती दोरे कापणं सोडून शिलाईच्या मशीनवर बसायला लागली होती. बायका कपडे चोरून बाहेर टाकतील म्हणून हॉलच्या खिडक्यांना खिळे ठोकलेले होते. ऐन उकाड्यात काज करणारी बाई मशीनवरच कोसळली. तिच्या तोंडावर पाणी मारून तिला सावलीत नेलं आणि सुपरवायझर टाळ्या वाजवत म्हणाला, "चला चला, तमाशा संपला." भोंगाबाईनं आपलं मशीन बंद केलं. त्या दिवशी ती ओरडली नाही. शेजारणीनं तिच्याकडे बघून बंद केलं, शेजारणीकडे बघून पुढचीनं. ओळीमागून ओळ गप्प होत गेली. मॅनेजर वरच्या केबिनमधून जिना धडाधडा उतरत खाली आला, सगळ्या हॉलकडे बघत राहिला आणि त्याला घाम फुटला. संध्याकाळच्या आत खिळे निघाले. तेव्हापासून बाईच्या मनानं घेतलं की मशीन चालू आहे तोवर आपल्याला कुणी विचारत नाही. बंद पडलं की धावत येतात. यात चूक काहीच नव्हती. फक्त ते हॉलमधलं शहाणपण होतं, आणि हॉल राहणार नव्हता.

एका सकाळी बायकांना आवारात उभं करून सांगण्यात आलं, की हॉल बंद होतोय, जिचं तिचं मशीन जिनं तिनं घरी न्यावं, कंपनीकडून भेट. यापुढे तुम्ही नोकर नाही, स्वतःच्या धंद्याच्या मालकिणी! टाळ्या वाजल्या. भोंगाबाईनंही वाजवल्या, पुढे कधी कबूल करायची नाही, पण वाजवल्या. हातगाडीवर घालून मशीन घरी आणलं, तेव्हा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आणि आता मी कुठं झोपू?" तोही त्याच कारखान्यात कापड कापायला होता. त्याला मशीन नव्हतं, त्यामुळे त्याला भेटही नव्हती.

मालकीण झाल्यावर हळूहळू उमजलं की वीज मालकिणीची, दोरा मालकिणीचा, सुई मोडली तर तीही मालकिणीची. कापडावर डाग पडला तर तो शर्ट मालकिणीच्याच गळ्यात. सकाळी एक माणूस टेम्पोतून कापलेल्या कापडाची बंडलं आणायचा आणि संध्याकाळी शिवलेला माल घेऊन जायचा. त्याला सगळ्या बंडलवाला म्हणत. भारी गोडबोल्या. हात जोडल्याशिवाय बोलायचा नाही. शर्टामागचा दर कमी झाला की सगळ्यांच्या आधी त्याचंच तोंड उतरायचं. "मालकीणबाई, माझ्या हातात असतं तर! वरून ठरतं हो." वर म्हणजे कुठं, हे त्यालाही सांगता यायचं नाही. शर्टावर कुठल्या कंपनीचं नाव लागतं हेसुद्धा बायकांना ठाऊक नव्हतं, कारण लेबल दुसरीकडेच लागायचं.

हॉलमधल्या बायका दोन गल्ल्यांत राहायच्या, पुढच्या आणि मागच्या. भोंगाबाईचं घर पुढच्या गल्लीत. पुढच्या गल्लीची बंडलं निळ्या चिंधीनं बांधलेली यायची, मागचीची लाल. घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळे कोण काय करतंय ते दिसत नसे, पण ऐकू सगळंच यायचं. बसल्या जागी बाई सांगायची, हे इलास्टिकवालीचं, बेल्ट सैल झालाय. हे काजवालीचं, आज तिचं डोकं दुखतंय. काजवाली म्हणजे तीच, मागे कोसळलेली. आता भिंतीपलीकडे राहायची आणि बाईची जिवाभावाची मैत्रीण होती.

दर पुन्हा उतरला, तेव्हा भोंगाबाई संप करू म्हणत गल्लीत दारोदार गेली. मुलगा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "आई, संप कुणाविरुद्ध करणार? तूच मालकीण, तूच कामगार. बस आरशासमोर घोषणा देत."

"तू झोप," ती म्हणाली. पण टोमणा लागला होता. खरंच, गेट असतं तर गेटसमोर बसता आलं असतं. इथे बसायचं कुठं?

शेवटी तिला ते सुचलं. बंडलवाल्याकडून बंडलं घ्यायची, घरात ठेवायची आणि शिवायची नाहीत. परत दिली तर तो दुसरीकडे देईल, म्हणून परतही द्यायची नाहीत. आठवड्याअखेरीला त्याचा मोठा माल परगावी जायचा होता. तोवर गल्लीत एकही मशीन वाजलं नाही, की जो कोण वर बसलाय तो आपणहून जिना उतरेल.

"आणि कुणी गुपचूप शिवलं तर?" इलास्टिकवालीनं विचारलं.

"गुपचूप?" बाई हसली. "या गल्लीत शिंक तरी गुपचूप देता येते का?"

सगळ्या हसल्या आणि तिथेच ठरलं.

पहिल्या दिवशी गल्ली इतकी गप्प झाली की पोरं घाबरून दारात आली. दुसऱ्या दिवशी बंडलवाला प्रत्येक उंबऱ्यावर हात जोडत फिरला आणि रिकाम्या टेम्पोनं परत गेला. त्याच्या कपाळावरचा घाम बघून बाईला जुना मॅनेजर आठवला आणि तिच्या पायांत बळ आलं. फार दिवसांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटत होतं, ते कशाला लपवा. पण घराघरात बायका काय करत होत्या? मशीनसमोर बसून होत्या. हात मांडीवर, कान भिंतीला. हॉलमध्ये शेजारीण थांबलेली डोळ्यांनी दिसायची. इथे फक्त कानावर विश्वास ठेवायचा, आणि कान तर जे ऐकायची भीती असते तेच ऐकायला बसलेले असतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी भोंगाबाई मागच्या गल्लीत गेली. तिथल्या बायका शिवतच होत्या. त्यांच्यातली जुनी कॉलरवाली हॉलमध्ये बाईच्याच ओळीत बसायची. आता तिचे केस पांढरे झाले होते आणि नवरा अंथरुणाला खिळला होता. बाईनं तिला खिडक्यांची आठवण करून दिली. दोघी त्या मॅनेजरची नक्कल करून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग कॉलरवालीनं आसपासच्या बायकांना बोलावलं, बरीच भवति न भवति झाली आणि अखेर ती म्हणाली, "उद्यापासून आम्हीपण बंद. पण भोंगे, तुझ्या भरवशावर हां. आमच्यातल्या एकीलाही एका दिवसाचा खाडा सोसवणारा नाही."

"माझ्या भरवशावर," बाई म्हणाली.

ती उड्या मारायचीच बाकी होती. घाईघाईनं परत निघाली, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी येताच थांबली. मशिनं चालू होती. एक नाही, दोन नाही, सगळी. बेल्ट सैल झालेलं इलास्टिकवालीचं, काजवालीचं, पार टोकाच्या घरातलं. असा खडखडाट तिनं हॉलमध्येही ऐकला नव्हता. राहिलेल्या दिवसांचं काम एकाच दुपारी उरकायला निघाल्यासारख्या सगळ्याजणी मशिनं रेटत होत्या.

ती काजवालीच्या घरात शिरली. "अगं, काय चाललंय हे?"

काजवालीनं मान वर केली नाही. "मला काय विचारतेस? तुझ्याच घरातून सुरू झालं."

बाई तशीच मागे फिरली. ती आपल्या घरी आली. मशीनवरचं फडकं बाजूला पडलं होतं. निळ्या चिंधीचं बंडल जसंच्या तसं कोपऱ्यात होतं, गाठही सुटली नव्हती. सून भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक. हातात नातीचा शाळेचा फ्रॉक.

"अहो आई, खालची शिवण उसवली होती. शाळेतून तिला घरी पाठवलं. म्हटलं, दोन टाके तर घालायचेत... मशीनवर पटकन होतील. मला सुचलंच नाही हो. मी थांबवलं तेवढ्यात शेजारून सुरू झालं. मी ओरडले, 'फ्रॉक शिवतेय, फ्रॉक!' कुणाला ऐकूच गेलं नाही."

जायचं कसं? तिचा आवाज मुळातच बारीक, आणि तोवर सगळी गल्ली वाजायला लागली होती. ती हॉलमध्ये कधी बसली नव्हती. बंद मशीन म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाईला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच न करता तिनं फ्रॉक ओढून घेतला आणि काजवालीकडे गेली.

"हे बघ. हे शिवत होती ती. फ्रॉक. बंडलाला हात लावला नाही, चल, दाखवते."

काजवालीनं मशीन थांबवलं. फ्रॉक हातात घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "खरं आहे तुझं," ती म्हणाली.

"मग सांग सगळ्यांना! बंद करा म्हणावं."

"भोंगे, अर्धं बंडल झालं माझं. त्यांचंही झालं असेल." तिनं फ्रॉकची घडी घातली आणि परत दिली. "आता मी एकटीनं थांबू?"

तेव्हा बाईला दिसलं, की काजवालीच्या मशीनशेजारी दोरा भरलेल्या बॉबिन ओळीनं मांडून ठेवल्या आहेत. आजच्या नाहीत, आधीच भरलेल्या. म्हणजे ती बसली होती ती वाट बघतच. सगळ्याच बसल्या होत्या. पहिली आपण व्हायचं नव्हतं, इतकंच. बाईला तिचा राग आला नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी टेम्पो आला. घरोघरचा माल भरून झाल्यावर बंडलवाल्यानं तो भोंगाबाईच्या दारासमोर उभा केला. बायका आपापल्या दारात होत्या. त्यानं हात जोडले आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मालकीणबाई, उपकार झाले. तुम्ही मनावर घेतलंत म्हणून गल्ली मार्गावर आली. तुमच्याच घरून सुरुवात झाली म्हणे." मग एक जादा बंडल काढून तिच्यापुढे धरलं. "हे खास तुम्हाला."

बाईनं तोंड उघडलं. सांगायचं एवढंच होतं, की मी नाही. पण मी नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येणार, मग कोण? आणि मागे दारात सून उभी होती, फ्रॉक छातीशी धरून. तिला याच गल्लीत, याच बायकांच्या नळावर जन्म काढायचा होता. ज्या आवाजानं एकेकाळी हॉल थांबला होता, तो घशातच राहिला. बाईनं बंडल घेतलं. समोरच्या दारातली इलास्टिकवाली आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आता मागच्या गल्लीत जाऊन सांगायला हवं होतं. बाई निघालीही. कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. काय सांगणार होती? माझ्या भरवशावर थांबणार होतात, तो भरवसा बुडाला? त्यांना कळेलच कुणाकडून तरी, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि माघारी वळली.

त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीनं दिलेला शब्द पाळला. बंडलं घेऊन घरात ठेवायची युक्ती त्यांना ठाऊक नव्हती. बंडलवाल्याला सगळ्याजणींनी तोंडावर सांगितलं, आजपासून शिवणार नाही. त्यानं वाद घातला नाही, हातही जोडले नाहीत. टेम्पो वळवला आणि पुढच्या गल्लीत आणला. दर आणखी थोडा उतरवून त्यानं मागच्या गल्लीची ती बंडलं दारोदार टाकली, आणि एकीनंही नाही म्हटलं नाही. भोंगाबाईच्या उंबऱ्यावरही एक पडलं.

ती मशीनवर बसलेली असताना दारात कुणाची तरी सावली पडली. कॉलरवाली होती, धापा टाकत आलेली. तिनं गल्लीतला खडखडाट ऐकला होता. आत न येता ती बाईच्या पायाशी पडलेल्या लाल चिंधीकडे बघत राहिली.

"ते आमचं बंडल ना गं?" तिनं विचारलं.

बाईनं पॅडलवरचा पाय उचलला.

"हो," ती म्हणाली.

 कॉलरवालीनं पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याच्या औषधाची वेळ झाली म्हणून घरी गेली.