मातीचं मेंढरू

परंड्याच्या शाळेत परिपाठ संपून मुलं ओळीनं वर्गात निघाली होती, तेवढ्यात जळकोटहून पल्लवीचा फोन आला. पल्लवी माझी जुनी विद्यार्थिनी. "बाई, सुंदरमावशी गेल्या. पहाटं झोपेतच…" पुढं ती काय बोलली ते मला नीट ऐकूच आलं नाही. समोर कोवळं ऊन होतं, मुलं चालली होती, आणि मला ती ओळ आमच्या वर्गात नव्हे तर तेरच्या संग्रहालयाच्या दारातून आत जाताना दिसत होती. सगळ्यांत मागं, पदर खोचून, मावशी.

जळकोटच्या शाळेत मी आठ वर्षं होते आणि मावशी तिथं मुलांची खिचडी शिजवायच्या. घर मेंढपाळांचं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं कळपामागं रानोमाळ हिंडण्यात गेलेली. "शाळंची पायरी चढले ती थेट चुलीम्होरं," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. चौथीच्या मुलांना तेरचं संग्रहालय दाखवायला नेलं, तेव्हा कुणाला गाडी लागली तर सांभाळायला हवं म्हणून मी त्यांना सोबत घेतलं. आत गेल्यावर मी पाट्या वाचून दाखवत होते, दोन हजार वर्षांपूर्वीची बाजारपेठ, सातासमुद्रापारचा व्यापार… मुलं जांभया देत होती. आणि मावशी एका बुटक्या काचपेटीपुढं फरशीवर चक्क मांडी घालून बसल्या होत्या. आत मातीची खेळणी होती, त्यात बोटभर उंचीचं एक मेंढरू.

"बाई, हे लेकरानं केलंय."

"कशावरून, मावशी?"

"पाठीवर अंगठा बगा की. मोठ्या मानसाचा यवढुसा उमटंल व्हय?"

खरंच, तिथं एक इवलासा खळगा होता. पाटीवर त्याचा उल्लेख नव्हता. मुलं गोळा झाली आणि मावशी काचेकडं बघतच सांगू लागल्या, "पाऊस उघडला आसंल. आई भाकरी थापत आसंल. ती म्हनली आसंल, ये जेवाया. आन हे म्हनलं आसंल, थांब की, आजून शेपूट ऱ्हायलंय." मुलं खळखळून हसली, मग काचेला नाकं लावून बघू लागली. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि पलीकडच्या दालनातून कुणीतरी आई आता खरोखर हाक मारील असं वाटत होतं…

परतताना गाडीत सगळी मुलं झोपली. एकीचं डोकं मावशींच्या मांडीवर होतं. बाहेर तुरीची रानं मागं सरत होती. मावशी हळू आवाजात बोलायला लागल्या. त्यांना एक मुलगी होती, तानी. कळप नळदुर्गाकडं असताना तापानं गेली, सात वर्षांची. नदीकाठी बसून दिवसभर चिखलाची मेंढरं करायची. "तिच्यासंगं येक मेंढरू ठिवलं म्या मातीत. कुनाला बोलले न्हाय आजवर." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कवातरी घावंल कुनाला… ठिवतील काचंत. लोक बगाया येतील." त्यांनी मांडीवरल्या मुलीचे केस मागं सारले.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापक नवे होते. सहलीची यादी बघून म्हणाले, "स्वयंपाकिणीचं तिथं काय काम? एक जागा जाते." मी समोरच उभी होते. मी गप्प बसले. सहलीच्या सकाळी मावशी धुतलेलं लुगडं नेसून फाटकाशी आल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळलं. "जावा, लेकरं खोळंबलीत," एवढंच म्हणाल्या. संग्रहालयात मुलं धावत त्या पेटीपाशी गेली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी पाटी वाचली. दुसरं काय करणार!

दुसऱ्या दिवशी मी शाळेमागच्या स्वयंपाकखोलीत गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं."

"व्हय. बोलाया पायजे हुतं." त्यांनी माझी समजूत घातली नाही. सुपातले दोन खडे बाजूला टाकले. मग मान वर न करता विचारलं, "मेंढरू हाय न्हवं जाग्यावर?"

त्याच्या पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, मावशी येणार नसतील तर मीही येत नाही. ते थोडे चिडले, पण तयार झाले. माझी परंड्याला बदली होईपर्यंत मग मावशी दरवर्षी आल्या. दरवर्षी त्या मेंढराची गोष्ट थोडी वेगळी असायची. कधी ते करणारं लेकरू भाकरीबरोबरच्या कोरड्यासावरून भांडायचं, कधी झोपून जायचं.

मावशी गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात मी परंड्याची मुलं घेऊन तेरला गेले. गोष्ट सांगितली, मावशींसारखी काही जमली नाही. मावशींची एक सवय होती. दालनातून निघताना त्या दाराशी थांबायच्या, मागं मेंढराच्या पेटीकडं वळायच्या आणि नातलगाच्या घरून निघावं तसं पुटपुटायच्या, "येते गं." इतकी वर्षं ऐकूनही त्यातला तो 'गं' माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता…

मुलं बाहेर एकमेकांच्या चपला ओढत होती. दालनात कुणी उरलं नव्हतं. मी दाराशी थांबले, मागं वळले, आणि दोघींनाही सांगून निघाले.