शेजाऱ्यांसाठीचा व्हॉल्व्ह

जठारपेठेत आमच्याकडे नेहमी येणारा प्लंबर बोलताना माणसाकडे नाही, नळाकडे बघतो. परवा आमचा नळाला लावलेला पाइप कूलरच्या पाण्यात बुडालेला दिसताच त्यानं तो ओढून काढला.

"काहून जी?" मी विचारलं.

"नळाचं पाणी गेलं का लाइन उलटी ओढते, भाऊ. हे घाण पाणी प्याच्या पाण्यात जाते."

नळातून आलेलं पाणी परत कसं जातं, हे माझ्या डोक्यात शिरेना. तोवर त्यानं पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह मीटरजवळ बसवलाही.

"आता आमचं पाणी चांगलं राहीन ना?"

"हा शेजाऱ्यायसाठी हाय. तुमच्यासाठीचा त्यायच्या घरी लागते."

पिशवी उचलून त्यानं शेजारची बेल वाजवली. इतकी वर्षं कोण कोणाच्या कूलरचं पाणी पीत होतं, ते मला दारात उभं राहून काही केल्या समजेना.